मावळतीचं पाखरू

अव्वा,

आपल्या ओढ्याकाठच्या कळकाच्या बेटाला फुलं आली. तू लहानपणापासून आम्हाला ज्याची भीती घातलीस ते अखेर झालं. "कळक फुलला की वाईट दिस आलं म्हणून समजायचं," असं तू म्हणायचीस, आणि अकरावीला जीवशास्त्र घेतल्यापासून मी त्यावर दात काढायचे. कळक म्हणजे बांबू, शेवटी उंच वाढलेलं गवतच, गवताला तुरा येणारच, त्यात कसले आलेत वाईट दिवस? आता माझी हसायची सोय राहिलेली नाही. कळक जन्मात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो, हे मी कॉलेजात पोरांना इतकी वर्षं शिकवलं, पण ते डोळ्यांसमोर व्हायला लागलं तेव्हा त्या शिकवण्याचा काही उपयोग झाला नाही. त्या बेटात जे राहत होतं त्यातलं जेवढं माझ्या हाती लागलं तेवढं आता माझ्या शेजारी, परसदारच्या पायरीवर, एका प्लास्टिकच्या टबात आहे. टबात चिव्याचं रोप आहे, म्हणजे आपल्या डोंगरातला तो बारीक कळक. रोपावर तू दिलेलं पाणी गाळायचं फडकं बांधलंय, आणि फडक्याच्या आत बोटांवर मोजता येतील इतक्या हिरव्या अळ्या आहेत. आणल्यापासून त्यांनी एक घास खाल्लेला नाही. आज खाल्लं नाही तर उद्या बघायला काही उरेल असं वाटत नाही. मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तुला लिहायला बसले आहे.

पाखराला नाव तूच ठेवलं होतंस. आपल्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. "ऊट करून घ्या, दिस चालला," म्हणून तू सगळ्यांच्या मागे लागायचीस, आणि गल्लीत इतरांच्या चुली पेटायच्या तेव्हा आपली भांडी घासून पालथी पडलेली असायची. मग तू या पायरीवर येऊन बसायचीस. दिव्यावर किडे येऊन मरतील म्हणून चांगला काळोख होईपर्यंत दिवा लावू द्यायची नाहीस. मी अभ्यासाच्या नावानं कुरकुर करायचे, तू ऐकायची नाहीस. त्या वेळेला, म्हणजे दिवस बुडालेला असतो पण माणसाचं तोंड अजून ओळखू येतं त्या वेळेला, बेटातून काहीतरी तपकिरी, जमिनीलगत, झोकांड्या खात यायचं आणि पेरूच्या झाडाखाली सडलेल्या पेरूवर बसायचं. पंख मिटले की संपलं. जुन्या काळपट गुळाचा रंग, वाळक्या पानांत वाळकं पान. मी म्हणायचे, गेलं. तू म्हणायचीस, "गेलं न्हाय. हालू नगंस." आणि खरंच, थोड्या वेळानं पान उघडायचं, त्याच्या पंखावर जांभळट पट्टा दिसायचा, आणि पुन्हा मिटायचं. इतर बायका त्या वेळी चुलीपुढे असायच्या, त्यांना ते कधी दिसलं नाही. तू त्याला मावळतीचं पाखरू म्हणायचीस. देवळात जावं तशी तू रोज त्याची वाट बघायचीस, असं मी म्हटलं असतं तर तू मला रागावली असतीस.

तू गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, म्हणजे अगदी अलीकडे, आमच्या कॉलेजात फुलपाखरांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ आले होते. जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता मी त्यांना हे पाखरू सांगितलं. ते हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मग दोन संध्याकाळी ते इथे येऊन तुझ्या पायरीवर बसले. म्हणाले, घाटात कुठे कुठे एखादं दिसतं, तेही आता दिसेनासं होत चाललंय, आणि इतक्या खाली, उसाच्या रानाशेजारी, ते कुणी बघितल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या इंग्रजी नावातही संध्याकाळ आहे, हे मला तुला सांगायचं होतं. सावलीतलं पाखरू, उन्हात येत नाही, फार लांब उडत नाही. ज्या बेटात जन्मलं त्याच बेटात अंडी घालतं, आणि अळी कळकाच्या पानाशिवाय तोंड उघडत नाही. मी तेव्हा फार ऐटीत होते. आमच्या रानातलं पाखरू म्हणून स्टाफरूममध्ये मिरवलं. आणि या हिवाळ्याच्या शेवटी धाकट्याचा फोन आला, "अक्का, बेट तुऱ्यात आलंय."

धाकटा आता पन्नाशीला आलाय. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळ्यांत काम करतो आणि उरलेल्या वेळात रान बघतो. मी रजा काढून आले तेव्हा बेटाची निम्मी पानं झडली होती. गावात मेसाची, म्हणजे आपल्या बेटातल्याच जातीच्या कळकाची, बेटं आणखी आहेत, पण ती सगळी कधीकाळी याच बेटातले कंद नेऊन लावलेली. एकाच अंगाची ती लेकरं, सगळी एकाच वेळी फुलली. ओढ्याच्या वरपासून खालपर्यंत जिकडे बघावं तिकडे तुरे आणि खाली बियांचा सडा. उंदीर झालेत, तू म्हणायचीस तसे. धाकटा मला हिंडवून दाखवत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आता ह्ये नुस्तं सरपण हाय, अक्का. जेसीबी सांगितलाय. तात्याचा ऊस तुटलाय, त्यो पाचट पेटवणार. एक ठिणगी आली की हे बेट पेटतंय आन मग आपलं खोपाट, कडब्याची गंज, समदं जातंय."

"जेसीबी आणू नकोस. यात अजून जीव आहेत."

"माणसं बी हायती की जवळ. त्यांचं काय?"

त्याचं चुकत नव्हतं, अव्वा, हेच तर अवघड होतं. मग मी शेजारच्या रानात तात्यांकडे गेले. तात्या आता फार थकलेत, पण आवाज तोच, दोन शेतं पलीकडे ऐकू जाणारा. मी म्हटलं, पाचट आठवडाभर पेटवू नका. ते म्हणाले, "पाखरापायी? माझी पाण्याची पाळी आलीया बाई. पाळी गेली की परत कवा? तुटल्या उसाचा खोडवा फुटायचाय, त्यो वाळला तर पाखरू भरून देणार हाय व्हय?" मी म्हटलं, पाचट न जाळता कुजवतात की हल्ली. ते म्हणाले, "तू म्हणतीस त्ये रेडिओवर बी सांगत्यात." शेवटी कबूल झाले की दोन दिवस थांबतो, बेटाच्या बाजूनं ट्रॅक्टरनं पट्टा नांगरून घेतो आणि वारं पडल्यावर पेटवतो. "तुझ्या आईच्या हातचं ताक प्यालोय म्हणून," असं वर म्हणाले. तुझ्या ताकावर मी दोन दिवस मिळवले.

त्या दोन दिवसांत मी बेटात उलटी छत्री धरून फांद्या हलवत हिंडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरीण येडी झाली. पानं इतकी थोडी उरली होती की अळ्या असल्या तर शेवटच्या हिरव्या शेंड्यांवरच असणार. अळी पानाच्या शिरेला लागून अशी पडते की पानच वाटावी. डोक्यावर दोन बारीक शिंगं, मागे दोन टोकं. डोळ्यांना पाणी येईपर्यंत बघितलं तेव्हा एकेक करून सापडल्या. तेच शेंडे तोडून मी अळ्यांसकट चिव्याच्या रोपाला बांधले, म्हणजे जुनं पान वाळलं की त्या आपोआप नव्यावर सरकतील. सरकल्या. नव्या पानावर जाऊन बसल्या, आणि बसूनच राहिल्या. मी कॉलेजात शिकवते की अळी म्हणजे खाण्याचं यंत्र. या नुसत्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक टबातल्या मातीत पडली होती, काळी पडून आकसलेली. दुपारी आणखी एक. त्या फुलपाखरंवाल्या गृहस्थांना फोन केला, त्यांनी तिकडचा मेस धाडायची खटपट करतो म्हटलं, पण तो पोचेपर्यंत या टिकणार नाहीत हे त्यांच्याही आवाजात होतं. धाकट्याची बायको बिचारी दर तासाला येऊन विचारते, "खाल्लं का वो वन्सं?" जणू घरात आजारी माणूस आहे.

आणि मग मला तुझी जास्वंद आठवली. ती आठवली आणि फडकं पुन्हा उघडून बघणं माझ्याच्यानं होईना.

मांडवाला नाहीतर शिडीला कळक तोडायचा असला की तू आधी स्वतः बेटात जायचीस. "थांबा, त्येंच्यावर जीव आसत्यात," म्हणून कोयता घेऊन उभ्या असलेल्या गड्याला तू ताटकळत ठेवायचीस, आणि पदराच्या टोकानं एकेक अळी उचलून ताटलीत घ्यायचीस. मग ती ताटली घेऊन यायचीस आणि अळ्या जास्वंदीवर सोडायचीस. जास्वंदीवर का, तर तिची पानं मऊ. कोवळी, मोठी, लुसलुशीत पानं बघून बघून तू त्यांना बसवायचीस, पाहुण्याला पाट द्यावा तसं. सकाळी अळ्या नसायच्या. "बघ, पंख फुटलं, गेली उडून," असं म्हणताना तुझं तोंड किती उजळायचं. तेव्हाच एकदा जास्वंदीच्या बुडाशी मला एक सापडली होती, अशीच काळी, आकसलेली, मुंग्या लागलेली. मी ती मातीत दाबली आणि तुला काही बोलले नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. पुढे शिकले तेव्हा कळलं की ती अळी जगातल्या सगळ्यात मऊ पानावर बसून उपाशी मरते, कारण ते तिचं पान नसतं. घरातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आपल्यासारख्यांच्या घरातच हे होऊ शकतं, दुसऱ्यांनी कळक तोडला असता, अळ्या चिरडल्या असत्या, आणि कुणाला काही वाटलं नसतं.

नवल याचं की पाण्याच्या बाबतीत तुला हे पक्कं माहीत होतं. रोज सकाळी विहिरीवर पाणी गाळून झालं की फडक्यावर जे राहायचं, डोळ्याला दिसो न दिसो, ते तू फडकं उलटं करून, स्वच्छ पाण्यानं धुऊन परत विहिरीत सोडायचीस. वरून फेकायचं नाही, बादली पाण्याला टेकवून हळूच कलती करायची. जिवाणी म्हणतात त्याला. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा कंटाळा करून ते पाणी म्हशीच्या डोणीत ओतलं. तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की श्वास कोंडला. "त्या हिरीचं जीव त्येच हिरीत. दुसऱ्या पाण्यात जगतील व्हय? तुला न्हेऊन टाकू का परक्याच्या दारात?" त्या दिवशी तू जेवली नाहीस. मला मारल्याबद्दल की त्या जिवांबद्दल, ते मी विचारलं नाही. मी रडत रडत पितळी भरून भात खाल्ला.

परक्याच्या दारात तू मला नेऊन टाकलंसच की नंतर. हे मी रागानं लिहीत नाही, राग कधीच गेला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना हुपरीचं स्थळ आलं. चांदीचा धंदा, दोन मजली घर, मुलगा निर्व्यसनी, आपल्यातलेच, देवळाला चौथरा बांधून दिलेले. तू किती निवडून निवडून ते पान काढलं होतंस, अव्वा. तिथं मला कुणी वाईट वागवलं नाही. सासूबाई तूप वाढताना हात आखडत नव्हत्या. खालच्या मजल्यावर पैंजणांना घुंगरं बसवायचं काम चालायचं, मीही बायकांत बसून घुंगरं बसवायचे. कॉलेजचा विषय निघाला की सगळे हसून म्हणायचे, आता कशाला? ते हसणं दुष्ट नव्हतं, म्हणून त्याच्याशी भांडताही यायचं नाही. मला भूक लागेनाशी झाली. एवढंच झालं. ताट समोर यायचं आणि घास फिरायचा. दिवाळीला माहेरी आले तेव्हा माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

तू विहिरीवर होतीस. मी कठड्याला टेकून उभी. तू माझ्या हातांकडे बघत होतीस. मग नेहमीप्रमाणे फडकं उलटं केलंस, धुतलंस, बादली पाण्याला टेकवून कलती केलीस, आणि तशीच पाठमोरी म्हणालीस, "तू परत जाऊ नगंस." घरात अण्णा तुला बोलले, बाहेर भावकी बोलली, देवळातल्या बायका तुझ्याशी बोलेनाशा झाल्या. हुपरीहून माणसं आली, सोप्यात बसली, "आमच्यात काय कमी पडलं ते तरी सांगा," म्हणाली. त्यांचं विचारणं रास्त होतं. मी आतल्या दाराआड उभी होते, तुझ्या तोंडून काय निघेल त्यावर माझं सगळं होतं. तू पदर सावरून म्हणालीस, "कमी काय न्हाय, पावणं. तुमचं पाणी ग्वाड हाय. पर ते हिचं न्हवं." मग चहा झाला, आणि ते उठले. जूनमध्ये मी पुन्हा कोल्हापूरला वसतिगृहात गेले, तेव्हा तू माझ्या ट्रंकेत एक कोरं मलमलीचं गाळणं ठेवलंस. "पाणी गाळून पीत जा." ते गाळणं माझ्याकडे आजवर आहे. त्यातून मी कधी एक तांब्या गाळला नाही. घडी न मोडता ते कपाटातून कपाटात फिरत राहिलं, आणि या वेळी निघताना, जाळी शोधायला वेळ नव्हता म्हणून, मी ते पिशवीत टाकलं.

म्हणून परवापासून एकच गोष्ट डोक्यात घण घालते आहे. त्या विहिरीचे जीव त्याच विहिरीत, बरोबर. मला तू परत टाकलंस आणि मी जगले. पण विहीरच आटली तर, अव्वा? तेव्हा काय करायचं, ते तू सांगून गेली नाहीस. चिवा हा कळकच आहे, भाऊबंदच म्हणायचा मेसाचा. पण हुपरीकरही आपल्यातलेच होते. मी या अळ्यांना चिव्यावर ठेवलंय की जास्वंदीवर, हे मला कळत नाही, आणि इतकं शिकून कळत नाही याचा संताप येतो.

काल तात्यांनी शब्द पाळला. पट्टा नांगरला, वारं पडेपर्यंत थांबले, पाण्याचा टँकर आणून उभा केला, गडी हिरवे डहाळे घेऊन चारी बाजूंना. मीच त्यांना आता पेटवा म्हटलं, कारण किती थांबवणार? पाचट पेटलं आणि सरळ वर गेलं, पाखरं उठली, सगळं ठीक होतं. आणि मग डोंगराकडून एक वावटळ आली. एवढीशी. तिनं जळतं पाचट उचललं आणि पट्ट्यावरून अलगद पलीकडे नेऊन बेटाच्या शेंड्यावर ठेवलं. "आगा आगा आगा!" एवढंच तात्या ओरडले. तुरे गवतासारखे पेटले. कळकाची पेरं फुटायला लागली, एकेक बार उडावा तशी. धाकटा कडब्याच्या गंजीवर चढून ओली पोती टाकत होता, मी खालून देत होते, भावजय घागरी आणत होती. "अक्का, मागं हो! मागं हो म्हंतो न्हवं!" गंज वाचली, खोपाट वाचलं. बेट गेलं. तात्या बांधावर बसून लहान मुलासारखे रडले. "तुझ्या आईला काय तोंड दावू?" म्हणाले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझी नजर मात्र बेटाकडे होती, त्या धुरातून काही तपकिरी उडतंय का. उडालं असेल. उडालं तरी अंडी घालायला जाणार कुठे?

मला राग येतो तो असा, की कुणाच्या नावानं ओरडावं असं माणूसच नाही. धाकट्यानं जेसीबी थांबवला, तात्यांनी दोन दिवस दिले, मी छत्री घेऊन हिंडले, आणि तरी राख. आज सकाळी राखेत जाऊन आले. कंद खालपर्यंत मेलेले आहेत. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला, जिथं आग पोचली नाही, तिथं पडलेल्या बियांतून बोटभर हिरवे कोंब आलेले दिसले. तो पुढचा मेस. पण त्याची सावली पडायला किती वर्षं जातील, आणि तोवर हे पाखरू कुठं राहणार? राहायचं तर चिव्यावरच राहायला हवं.

लिहिता लिहिता दिवस मावळला. अक्षर अजून दिसतंय. लांब कागलच्या बाजूला आकाश आता कधीच पुरतं काळं होत नाही, कारखान्यांच्या दिव्यांनी ते तांबूस असतं, ते तू बघितलेलं नाहीस. समोर बेट होतं तिथं नुसतं आकाश आहे, त्याची सवय नाही. पेरूखाली मी सडकी केळी कुस्करून त्यात गूळ कालवून ठेवलाय, काहीही आलेलं नाही. आत्ताच धाकटा मोबाईलचा दिवा लावून आला. मी त्याच्यावर खेकसले, "बंद कर तो!" अळी दिवेलागणीला खाते, उजेडानं बिचकते. त्यानं मुकाट्यानं बंद केला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. मग तो म्हणाला, "बघ तरी एकदा." मी म्हटलं, भीती वाटते. तो म्हणाला, "मला बी."

फडक्याची गाठ सोडून मी कडा वर केली. रोपावर आधी काही दिसलं नाही. पानं जशीच्या तशी, अळ्या जिथल्या तिथं. एक खाली लोंबत होती, ती गेलेलीच. मी फडकं परत खाली सोडणार होते, तेवढ्यात त्याच्या पांढऱ्या घडीत, खाली जिथं ते टबाच्या काठाला दुमडलंय तिथं, मोहरीपेक्षा बारीक काहीतरी दिसलं. बोटानं टेकून बघितलं. ओलं होतं. हिरवं. आणखी होते, पाच-सहा दाणे. मी वर बघितलं, बरोबर वर, आणि पानाच्या कडेला नखाएवढी गोल चंद्रकोर कातरलेली होती.

"काय गं? काय झालं?" धाकटा घाबरून विचारत होता, कारण मी तोंडावर हात दाबला होता.

"हागलीया," मी म्हटलं.

"आँ?"

"आरं अळी हागलीया! खाल्लं बघ! चिवा खाल्ला!" चाळीस-पन्नास पोरांपुढे शुद्ध बोलणारी तुझी मास्तरीण परसात उभी राहून असं ओरडली, आणि आतून भावजय पळत आली, आणि आम्ही तिघंही त्या दाण्यांवर ओणवे होऊन बघत बसलो. तुझ्या कोऱ्या गाळण्यावर पहिल्यांदा काही पडलं ते हे.

एकीनं खाल्लंय. सगळ्यांनी नाही, आणि एका अळीवर काही पाखराचं घर चालत नाही, हे मला कळतं. आता आत दिव्यापाशी आले आहे, एवढं लिहून थांबते. हे पत्र मी कुठे टाकणार नाही. जास्वंदीवरच्या अळ्या उडून गेल्या असंच तुला वाटत राहू दे.

एक मात्र सांगते. इथे आल्यापासून मी दिवस मावळायच्या आत जेवते आहे. धाकट्याला मी सांगितलं की दिवा लावायचा नाही म्हणून लवकर उरकते. तो हसला, त्याला पटलेलं नाही. अव्वा, अळीनं पान खाईपर्यंत रात्री अन्न तोंडात घालणार नाही असा मी नेम धरला होता, मी, जी कोल्हापुरात रात्री गाड्यावर उभी राहून कांद्याची भजी खाते. आज या गडबडीत दिवसाचं जेवायचं राहून गेलं. भावजयीनं भाकरी झाकून ठेवली आहे. अळीनं खाल्लंय, नेम सुटलाय, आणि मला बऱ्याच दिवसांनी सडकून भूक लागली आहे. तरी बाहेर काळोख पडलाय म्हणून मी अजून ताटावर गेलेली नाही.